उभ्याने टोकण, उभ्याने लावणी : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरून पाहिलेले अवजार

नेरूळमधील आमच्या सोसायटीच्या मागील मोकळ्या पट्ट्यात आम्ही काही रहिवासी मिळून भाजीपाला आणि फुलझाडे लावतो. त्यांतील बहुतेक जण साठीच्या पुढचे आहेत, त्यामुळे दर पावसाळ्याच्या तोंडी लावणीचा विषय निघाला की कंबर आणि गुडघे यांचा विषय आपोआप निघतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही उभ्याने रोपे लावण्याचे एक अवजार विकत घेतले. पावसाळी लागवड, हिवाळी भाज्या आणि उन्हाळी वेलवर्गीय भाज्या अशा तिन्ही वेळा ते वापरून झाल्यानंतर हे लिहीत आहे. कंबर खरोखर वाचते, परंतु ती किती वाचेल हे अवजाराच्या किमतीपेक्षा मातीचा वाफसा (लावणीयोग्य ओलावा) आणि रोपाच्या मुळांचा गड्डा (मुळांना धरून राहिलेला मातीचा गोळा) या दोन गोष्टींवर अधिक ठरते, असे माझे ठाम मत झाले आहे.

अवजाराची रचना साधी आहे. सुमारे तीन फूट लांबीची पोलादी नळी, तिच्या खालच्या टोकाला बगळ्याच्या चोचीसारखी मिटणारी दोन पाती आणि वर मुठीजवळ एक खटका. चोच मिटलेली असताना ती जमिनीत दाबायची, वरून नळीत रोप सोडायचे, खटका दाबून चोच उघडायची आणि ती उघडी ठेवूनच अवजार सरळ वर उचलायचे. येथे हा क्रम फार महत्त्वाचा आहे. चोच जमिनीबाहेर येण्याआधी खटका सोडला, तर पाती मिटताना रोपाचे कोवळे खोड चिमटीत सापडते. अवजार वर आले की टाचेने नव्हे, तर चवड्याने दोन्ही बाजूंनी माती हलकेच दाबायची. ही शेवटची कृती अनेक जण गाळतात. मग मुळांभोवती हवेची पोकळी राहते आणि पाणी देऊनही रोप दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकते. चोचीच्या वरच्या बाजूला खोली ठरवणारी एक सरकती कडी आहे. ती एकदा गड्ड्याच्या उंचीइतकी बसवली की सगळी रोपे सारख्याच खोलीवर जातात, आणि हाताने लावताना इतका एकसारखेपणा आम्हाला कधी साधला नव्हता.

ही कल्पना नवी नाही. फिनलंडमध्ये १९७०च्या दशकात जंगल लागवडीसाठी याच पद्धतीची नळी तयार झाली. पोट्टिपुट्की या नावाने ती आजही वनीकरणात वापरली जाते. आपल्याकडे तर उभ्याने पेरणी पूर्वापार चालत आली आहे. तिफणीच्या, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराच्या, मागे चालत चाड्यावर (बी सोडायच्या लाकडी वाटीवर) मूठ धरणारी बाई कधी वाकत नसे. बी चाड्यातून नळ्यांमध्ये आणि नळ्यांतून थेट तासात पडत असे. वाकावे लागत होते ते टोकणीला, म्हणजे एकेक बी खोबणीत टाकण्याला, आणि भातलावणीला. भातलावणीतील हे वाकणे टाळणारी एक पद्धत आपल्या शेजारीच, नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवली. सगुणा राइस टेक्निक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पद्धतीत गादीवाफ्यावर (मातीच्या उंच, सपाट वाफ्यावर) लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडून भाताचे बी थेट टोकले जाते, चिखलणी आणि लावणी दोन्ही टळतात.

वाकण्याचा त्रास हा केवळ वयाचा भाग नाही. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नॅकेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब प्रत्यक्ष मोजला होता, आणि सरळ उभे राहण्यापेक्षा पुढे वाकल्यावर तो बराच वाढतो, असे त्यांत दिसले. लावणी करणारा माणूस केवळ एकदा वाकत नाही. तो वाकलेल्या स्थितीतच पुढे सरकत राहतो. त्यामुळे आमच्या तळमजल्यावरच्या आजी पहिल्यांदा झेंडूची अख्खी रांग लावून झाल्यावर, “अरे, आता माझी रांग मीच पुरी करीन, कोणाला हाक मारायला नको,” असे म्हणाल्या, तेव्हा या खरेदीचे सार्थक झाले असे मला मनापासून वाटले.

आता मातीविषयी. नवी मुंबईचा बराच भाग खाजणावर भराव टाकून उभा राहिला आहे, आणि आमच्या पट्ट्यातही वीतभर लाल मातीखाली भरावाचा मुरूम लागतो. कोरड्या दिवसांत चोच या मुरुमावर अडते. जोर लावला की पाती तिरकी होतात आणि खडा मध्ये अडकल्यास पूर्ण मिटत नाहीत. त्याउलट जुलैच्या संततधारेत माती चोचीला चिकटते, नळीच्या तोंडाशी तिचा बुच बसतो आणि दर तीन-चार रोपांनंतर काठीने तो काढावा लागतो. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय उपयोगी पडला, तो म्हणजे गादीवाफे. लाल माती, पालापाचोळ्याचे खत आणि थोडी जाडसर रेती मिसळून फूटभर उंचीचे वाफे केले, त्यामुळे पावसाचे पाणी लवकर निचरून जाते आणि उघडीप मिळाली की एक-दोन दिवसांत वाफसा येतो. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोट लावताच फुटला, तरच अवजार बाहेर काढायचे, हा नियम आम्ही पाळतो. ऑक्टोबरमध्ये वांगी, मिरची आणि फ्लॉवर लावताना वाफसा नेमका मिळाला होता, आणि त्या वेळी हे अवजार किती चांगले चालते ते खऱ्या अर्थाने कळले. मल्चिंग पेपर अंथरलेल्या वाफ्यावर तर ते अधिकच सोयीचे आहे, कारण चोच कागदाला भोक पाडते आणि त्याच भोकातून रोप खाली जाते.

रोपांच्या बाबतीत तडजोड चालत नाही. प्रो-ट्रेमध्ये (रोपांसाठी छोटे कप्पे असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये) कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर, वाढवलेले, मुळांनी गड्डा नीट बांधून धरलेला आहे असे रोप नळीतून सरळ खाली जाते आणि उभेच बसते. गादीवाफ्यावरून उपटून आणलेली उघड्या मुळांची रोपे मात्र नळीत आडवी होतात, पाने आतल्या भिंतीला चिकटतात आणि मुळे वर वळून बसतात. अशी रोपे हातानेच लावावीत. लावणीपूर्वी ट्रेला आदल्या संध्याकाळी पाणी द्यावे, म्हणजे गड्डा ओलसर राहतो पण ओघळत नाही. रोप चार-साडेचार इंचांपेक्षा उंच वाढू दिले तर त्याची पाने नळीत अडतात. टोमॅटोच्या बाबतीत हे हमखास घडते, कारण तो ट्रेमध्ये दोन दिवसांत शेलाटा वाढतो.

बियांसाठी मात्र हे अवजार घ्यावे असे मी सांगणार नाही. भेंडी, गवार, चवळी, वाल, काकडी, भोपळा यांच्या टोकणीसाठी आमच्याकडे दीड इंची पीव्हीसी पाइपचा एक तुकडा आहे. तो छातीपर्यंत उंच असून खालचे टोक तिरके कापलेले आहे आणि वर एक प्लास्टिकचे नरसाळे बसवले आहे. तिरक्या टोकाने मातीत खोबण करायची, नरसाळ्यातून दोन बिया सोडायच्या, पायाने माती ओढायची आणि पुढे सरकायचे. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींपेक्षा खोल जाऊ नये म्हणून पाइपच्या टोकाजवळ रंगीत चिकटपट्टीची खूण केली आहे. ट्रायकोडर्मा (रोगांपासून वाचवणारी उपयुक्त बुरशी) चोळलेले बी ओले असेल तर पाइपच्या आत चिकटते. ते सावलीत सुकवून मगच वापरावे. मेथी, माठ, पालक यांसारखे बारीक बी फोकूनच टाकावे लागते, त्याला नळी उपयोगाची नाही. ज्यांची मुरबाड-शहापूरकडे शेती आहे, त्यांनी लांब ओळींसाठी चाकाभोवती चोची असलेले, ढकलत न्यायचे टोकण यंत्र पाहावे. ते आमच्या छोट्या वाफ्यांवर वळत नाही, पण मोकळ्या शेतात त्याची गती या दोन्हींपेक्षा जास्त आहे.

न वाकता लावणी असे आपण म्हणतो तेव्हा ट्रे कोठे ठेवायचा, हा प्रश्न मागे राहतो. ट्रे जमिनीवर असेल तर प्रत्येक रोपासाठी पुन्हा वाकणे आलेच, आणि मग अवजाराचा अर्थच उरत नाही. आमच्या माळीकाकांनी जुन्या लोखंडी कुंडी-स्टँडला चाके लावून दिली, त्यावर ट्रे कमरेच्या उंचीवर राहतो आणि रांगेबरोबर पुढे सरकतो. दोघांनी मिळून काम केल्यास आणखी सोपे जाते, एकाने रोप सोडावे आणि दुसऱ्याने चोच चालवावी. तण काढणे, रोपांना आधार देणे आणि भेंडी तोडणे यांसाठी वाकणे चालूच राहते. नांग्या भरण्यासाठी मात्र नळी फार उपयोगी पडली, कारण उभ्या पिकात शेजारच्या रोपाला धक्का न लावता मेलेल्या रोपाच्या जागी नवे रोप नेमके बसवता येते.

टिकाऊपणाबद्दल थोडी तक्रार आहे. नळी गंजली नाही, पण खटक्याची स्प्रिंग आणि पात्यांची पिन साध्या लोखंडाची निघाली. पावसाळ्याच्या अखेरीस दोन्हींवर गंज चढला आणि चोच अर्धवटच उघडू लागली. विक्रेत्याकडे सुटे भाग मिळाले नाहीत, तेव्हा तुर्भ्यातील एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेसची पिन करून घेतली आणि नवी स्प्रिंग बसवली. तेव्हापासून काम झाल्यावर चोच धुऊन, पुसून आणि पिनेवर तेलाचा थेंब सोडूनच अवजार ठेवले जाते. वजन अडीच किलोच्या आसपास आहे. सुरुवातीला ते जाणवत नाही, पण सतत वापरल्यास उजवा खांदा भरून येतो, म्हणून आम्ही रांगेगणिक हात बदलतो.

विकत घेताना मूठ आपल्या कोपराच्या किंचित खाली येते का, हे उभे राहून पाहावे. आमची नळी उंच माणसाला अपुरी पडते आणि त्याला शेवटी थोडे झुकावेच लागते. गादीवाफ्यामुळे फूटभर उंची भरून निघाली म्हणून आमचे निभावले. सपाट जमिनीवर लावणी करणाऱ्यांनी लांबी कमी-जास्त करता येणारा प्रकारच घ्यावा. ज्यांना केवळ बिया टोकायच्या आहेत, त्यांनी आधी पाइपचा तुकडा कापून एक हंगाम काढावा.