सोलापूरच्या घरात ससा: पिंजरा, जाळीचं कुंपण की मोकळं घर?

रात्री दोन वाजता तारेवर दात घासल्याचा कर्रकर्र आवाज. सकाळी उठून पाहावं, तर पिंजऱ्याबाहेर हातभर उडालेल्या लेंड्या, उलटलेली वाटी आणि मुताचा उग्र वास. आमच्या कापशीला आणल्यावर पहिले चार महिने असेच गेले. ही जातच घाणेरडी, अशी घरात सगळ्यांची समजूत झाली होती. ती चुकीची होती. ससा रानातसुद्धा ठरावीक जागी लेंड्या टाकतो. घाण आणि कंटाळा ही त्याची दोन वेगळी दुखणी नाहीत. जागा अपुरी आणि करायला काही नाही, की तो वाटी उलटतो, कोपरा उकरतो आणि स्वतःची शीची जागा स्वतःच विस्कटतो. म्हणून नुसता वास जाईल असा उपाय शोधू नका. दोन्ही दुखण्यांना लागू पडेल तोच निवडा.

पर्याय तीन. आपल्या गावात ते जोखायला माझ्याकडे दोन निकष आहेत: ऊन आणि पाणी.

दुकानात मिळणारा दीड बाय दोन फुटांचा तारेचा पिंजरा स्वस्त असतो, गॅलरीत मावतो आणि रात्री मांजरापासून राखणही होते. डॉक्टरकडे न्यायलाही बरा. पण तळाला जाळी असली की सशाच्या टाचा सोलून जखमा होतात, कारण त्याच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसती लव असते. शिवाय लेंड्या जाळीतून खाली पडत राहतात, त्यामुळे एका जागी जायची सवय लागतच नाही. खालचा ट्रे रोज धुवावा लागतो. नळाला रोज पाणी नसलेल्या घरात ती एक बादली मला फार टोचायची. हा पिंजरा आम्हाला विकताना ‘सशाला एवढा पुरतो’ असं दुकानदाराने सांगितलं होतं. ब्रिटनमधल्या रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड या संस्थेची शिफारस दोन सशांसाठी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागेची आहे. एवढी जागा आपल्याकडे किती घरांत निघेल? पण पुरतं कशाला म्हणायचं, ते यावरून कळतं.

दुसरा पर्याय खोलीच्या कोपऱ्यात जाळीचं कुंपण घालण्याचा. वेल्डिंगवाल्याकडून तीन फूट उंचीच्या चौकटी करून घ्या, जाळीची भोकं इंचापेक्षा मोठी नकोत. चार बाय सहा फूट जागा काढता आली तरी फरक दिसतो. आत पत्रा-तार काही नको, घरातलीच फरशी राहू द्या. जुन्या घरातली शहाबादी फरशी तर मे महिन्यात सशाला वरदानच आहे. फक्त गुळगुळीत टाइल्स असतील तर पाय घसरतात, म्हणून अर्ध्या भागात सतरंजी टाका. जुनी सोलापुरी चादर टाकायचा मोह होतो, आम्हालाही झाला. पण कापशी तिचे दोरे ओढून खायला लागली. सशाला उलटी करता येत नाही, पोटात गेलेला दोरा आतड्यात अडकू शकतो. कापड कुरतडणारा ससा असेल तर सरळ जाड पुठ्ठा अंथरा.

तिसरा पर्याय घर मोकळं सोडायचा. सशाला सगळ्यात सुख यातच आहे, पण चार्जरच्या वायरी, उघडं दार आणि पायात येणारा ससा न दिसणारी आजी, या तिन्हींचा बंदोबस्त आधी झाला पाहिजे. शीची जागा पक्की होण्याआधी सोडलं, तर सोफ्याखाली आणि देवघरापुढे लेंड्या वेचत बसाल.

माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक घरांनी कुंपण घ्यावं, आणि पहाटे व संध्याकाळी दोन-दोन तास घरात मोकळं सोडावं. ससा याच वेळांना सर्वांत चपळ असतो. भर दुपारी त्याला खेळवायला गेलात तर तो पसरून पडलेलाच दिसेल, त्याला कंटाळा म्हणू नका.

पिंजरा असो की कुंपण, पत्र्याखालच्या गॅलरीत मात्र ठेवू नका. ३० अंशांच्या पुढे सशाला ऊन बाधू लागतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर पडते. कूलरची खोली, किंवा फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि खिडकीला ओलं गोणपाट, एवढं लागतंच. पाणी बाटलीच्या नळीपेक्षा जड मातीच्या भांड्यात ठेवा. ते उलटत नाही आणि त्यातून ससा पाणीही जास्त पितो.

शीच्या जागेसाठी महागडा कोपऱ्याचा ट्रे आणि प्लास्टिकचं मोठं घमेलं, दोन्ही वापरून पाहिले. घमेलं जिंकलं. कोपऱ्याच्या ट्रेमध्ये मोठा ससा नीट बसतच नाही, बूड बाहेर राहतं. तो आधीपासून ज्या कोपऱ्यात जातो तिथेच घमेलं ठेवा, आपल्या सोयीच्या कोपऱ्यात नको. थोड्या लेंड्या त्यात टाका आणि एका बाजूला सुकं गवत भरा, कारण ससा खाता खाताच शी करतो. आमच्याकडे निम्मं काम या एका युक्तीने झालं.

घमेल्यात काय घालायचं? रद्दी फुकट, पण संध्याकाळपर्यंत चिखल होतो. वखारीतला भुसा पंख्याखाली उडतो, धूळ नाकात जाते, आणि त्यात पाइनचं लाकूड असेल तर त्याचा वास सशाला बाधतो. मांजरांची गोळा होणारी वाळू अजिबात नको, ती पोटात गेली तर फुगते. लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या सर्वांत चांगल्या, वास धरून ठेवतात, पण ऑनलाइन मागवाव्या लागतात आणि महाग पडतात. आमचा तोडगा म्हणजे खाली रद्दी आणि वर कडब्याची कुट्टी. ज्वारीच्या ताटातला भेंडासारखा गाभा ओल शोषतो, आणि सोलापुरात कडबा शोधायला लागत नाही. मात्र तो खडखडीत वाळलेला हवा. बुरशीचा वास आला तर टाकून द्या, आणि कोवळी हिरवी ज्वारी कधीच देऊ नका, तिच्यात जनावरांना विषबाधा करणारं द्रव्य असतं. एक दिवसाआड घमेलं कुंडीत रिकामं करायचं, पुसायचं, झालं. पाणी जेमतेम तांब्याभर लागतं. पांढरे खरखरीत डाग व्हिनेगरने निघतात. डाग फार पडत असतील तर लसूणघास कमी करा. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि मूत खडूसारखं येतं. लाल मूत दिसलं की घाबरायला होतं, पण ते बऱ्याचदा पाल्यातल्या रंगाने येतं. तो जोर करत असेल, बसून राहत असेल, तर मात्र तपासणी हवीच.

कंटाळ्यासाठी दुकानातली रंगीत प्लास्टिकची खेळणी आणि घरातल्या टाकाऊ वस्तू यांची तुलना करायचीही गरज वाटत नाही. खेळणं दोन दिवसांत कोपऱ्यात पडलं. कापडाच्या दुकानातून आणलेली ताग्याची पुठ्ठ्याची नळी महिनाभर चालली. खोक्याला दोन भोकं पाडा, आधी टेप आणि पिना काढा. बिनरंगी बांबूची दुरडी, तुतीच्या फांद्या, फाडलेल्या कागदांनी भरलेला उकरायचा खोका. सुताचे रिकामे कोन मात्र नकोत, कितीही साफ केले तरी धागा राहतो. आणि कोथिंबिरीची काडी वाटीत देण्याऐवजी गवतात लपवा, शोधण्यात अर्धा तास जातो. कांद्याची पात मार्केट यार्डात कितीही स्वस्त मिळो, सशाला कांदा विषच. अंगणातली कण्हेर, घाणेरी आणि रुईही त्याच्या वाटेत नको.

जोडीला दुसरा ससा आणावा का? ससा एकटा खूश राहत नाही हे खरं, पण नसबंदीआधी नको. मादी ३१ दिवसांत विते, आणि दोन नर एकमेकांना फाडतात. नसबंदीने इकडे-तिकडे मुतून खुणा करायची सवय बरीच कमी होते, मादीचा गर्भाशयाच्या कर्करोगापासून बचाव होतो. डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे चांगले असले तरी सशांची किती ऑपरेशनं केली, हे आधी विचारा. सशाची भूल वेगळी असते, आणि ऑपरेशनआधी त्याला उपाशी ठेवायचं नसतं. हे त्यांनी आपणहून सांगितलं तर निर्धास्त राहा.

घमेल्यातच शी करायची सवय लागायला आम्हाला सहा आठवडे लागले. तेवढ्यात एखाद्या दिवशी सशाने बारा तास खाल्लं नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर घमेलं-खोका सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आतडं थांबलं की सशाकडे वेळ फार थोडा असतो.