आय-सेवन म्हणालो, आय-सेवनच दिला

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी हिशेब बघते. आलेलं प्रत्येक बिल दर, नग, जीएसटी नंबर असं ताडून मगच पुढे सरकवायचं, हे काम मी एकोणीस वर्षं करतेय. पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा, म्हणून हे आधीच सांगितलं.

मुलाला दहावीनंतर गेमिंग पीसी घेऊन द्यायचा शब्द दिला होता. हाताशी छत्तीस हजार होते. ऐरोलीला राहणारा माझा भाचा म्हणाला होता, "मावशी, एखाद्या रविवारी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊ, सुटे भाग घेऊन मी जोडून देतो." पण त्याचे रविवार शिफ्टमध्ये जात राहिले आणि इकडे मुलाला दम निघेना. त्याला मोबाइलवर ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानाची जाहिरात दिसली. आय-सेवन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, तयार सेट, ३६,०००. आय-सेवन म्हणजे इंटेल कंपनीचा प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू; ग्राफिक कार्ड गेमची चित्रं पडद्यावर आणतं. कार्ड कोणतं असं व्हॉट्सअॅपवर विचारलं तर उत्तर आलं, "कार्ड १०५० टीआय आहे." हे एनव्हिडिया कंपनीचं मॉडेल. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर आम्ही दुकानात.

काचेचा कॅबिनेट, आत चार पंखे, रिमोटनं रंग बदलणारे. मुलगा तिथेच विरघळला. मालक मला म्हणाला, "ताई, एवढ्या पैशात लोक आय-थ्री घेऊन जातात. मी आय-सेवन देतोय." सेट चालू करून दाखवला. स्क्रीनवर इंटेल कोअर आय-सेवन २६०० असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी चष्मा लावून वाचलं. २६०० कशाचे, हे मात्र विचारलं नाही.

ते मला महिन्याभरानं भाच्यानं सांगितलं. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेवन या मालिकेत पुढे जो आकडा असतो, त्यातले शेवटचे तीन अंक सोडले की उरते ती पिढी. २६०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. १२१०० म्हणजे बारावी, २०२२ ची. दोन्हींत कोअर, म्हणजे आत काम करणारे भाग, चारच, पण त्या बाराव्या पिढीच्या आय-थ्रीपुढे हा जुना आय-सेवन कुठल्या कुठे मागे पडतो. मालकानं ज्याला नाक मुरडलं, तोच घ्यायला हवा होता. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे सेट घरी आला तेव्हाच त्याचं वय झालेलं होतं.

आता बिलाचं. "पक्कं बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील, ताई." ३६,००० वर ६,४८०. कारखान्यात कुणी असं कच्चं बिल आणलं तर मी त्याला उभं करत नाही. इथे मात्र 'कॉम्प्युटर सेट, १ नग' एवढंच लिहिलेली एस्टिमेटची चिठ्ठी घेतली आणि पर्समध्ये टाकली. वीस हजार यूपीआयनं दिले, सोळा रोख. घरी जाताना रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन बसले होते, तो हलका कसा हेही मनात आलं नाही. आतला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, नुसत्या '४५० वॉट' स्टिकरचा होता. पुढे सेट उघडला तेव्हा भाच्यानं तो हातात घेतला आणि काही न बोलता खाली ठेवला.

पहिले आठ दिवस बरे गेले. मग मुलानं ग्राफिक कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट केला आणि स्क्रीन काळी पडली. दुकानात नेला. त्यांनी विंडोज पुन्हा टाकून दिली आणि बजावलं, "अपडेट करूच नका." पुन्हा तेच झालं, पुन्हा तेच उत्तर. कॅबिनेटवर कागदी सील होतं, तोडलं तर वॉरंटी गेली, म्हणून आम्ही उघडूनही पाहिलं नाही. ते सील कशासाठी होतं, हे आता कळतंय.

कार्डची लबाडी ओळखायला भाच्याला सेट उघडायची गरजच पडली नाही. त्यानं मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, हे निळं पोर्ट इथे कसं?" मॉनिटरची ती जुनी, स्क्रूवाली व्हीजीए वायर असते ना, तिचं तोंड. १०५० टीआय २०१६ चं कार्ड, आणि त्या पिढीपासून एनव्हिडियाच्या चिपमधून तसला सिग्नलच येत नाही. मग त्यानं जीपीयू-झी नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर टाकलं. कार्डच्या नावाआधी कंसात 'फेक' असा शब्द आला. जुन्या कार्डच्या बायॉसमध्ये, म्हणजे त्याच्या आत साठवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, नव्याचं नाव भरतात, म्हणून विंडोज तेच नाव दाखवते. कंपनीचा खरा ड्रायव्हर आला की बिंग फुटतं. आतली चिप २०११ च्या ५५० टीआयची निघाली. कोअर ७६८ हवे तिथे १९२, आणि मेमरी ४ जीबीऐवजी १. हार्ड डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर पाहिली तर आधीच २९,००० तास फिरलेली. चोवीस तासांच्या हिशेबानं सव्वातीन वर्षं. हा भागाकार मी तोंडी केला, तेवढीच माझी विद्या उपयोगी पडली.

दुकानात मालक शांत होता. "आय-सेवन म्हणालो होतो, आय-सेवनच दिला. नवा कधी म्हणालो?" हे खरं होतं. त्यानं नवा म्हटलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. "आणि १०५० टीआय कुठे लिहिलंय?" चिठ्ठीवर नव्हतंच. मी व्हॉट्सअॅप उघडून त्याचाच मेसेज त्याच्यापुढे धरला. तेव्हा सूर बदलला. सेट परत घेऊन चौदा हजार देतो म्हणाला. मी निघून आले आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला. मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो. ते दुकानदाराशी बोलून बघतात, निकाल देत नाहीत. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत जायचं असतं. मेसेज आणि यूपीआयची नोंद होती म्हणून मला तोंड तरी उघडता आलं. रोख दिलेल्या सोळा हजारांचा मात्र माझ्याकडे काही पुरावा नाही.

शेवटी कार्डपुरते सहा हजार परत आले. बाकीचे बुडाले असं मी धरून चाललेय, आयोगात जायचं की नाही हे अजून ठरत नाही.

भाच्याचं म्हणणं, एवढ्याच पैशात ज्यात ग्राफिक आतच असतं असा एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी वगैरे प्रोसेसर घ्यायचा, हलक्या गेम चालवायच्या, आणि वर्षभरानं पैसे जमले की कार्ड लावायचं. दिसायला काही चमकत नाही, म्हणून पोरांना पटत नाही. कुठूनही घ्या, पण प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर बिलावर उतरवून मागा. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होतो. आणि 'सील तोडू नका' म्हणणाऱ्याला तिथेच, पैसे द्यायच्या आधी, झाकण उघडायला सांगा.

सेट अजून हॉलमध्येच आहे. पंखे छान दिसतात. "आय-सेवन, १६ जीबी असं लिहून विकायला काढ, वीस हजार सहज येतील," असं भाचा परवा हसत म्हणाला. जाहिरातीसाठी मुलानं फोटोही काढून ठेवलेत. मी अजून त्याखाली काही लिहिलेलं नाही.