‘कॅनिबल होलोकॉस्ट’चा ब्लू-रे संच : एका बदनाम चित्रपटाची पारख

रुज्जेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ फेब्रुवारी १९८० मध्ये मिलानमध्ये प्रदर्शित झाला आणि जेमतेम दहा दिवसांत न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाने तो जप्त झाला. तेव्हापासून आजवर या चित्रपटाबद्दल जे लिहिले गेले, त्यातला बराचसा मजकूर बंदीविषयीचा आहे. किती देशांनी त्याला मज्जाव केला याचे आकडे जाहिरातदारच फुगवत गेले, कारण बंदी हीच या मालाची सर्वांत खपाऊ ओळख होती. अमेरिकेतील ग्राइंडहाउस रिलीझिंग या संस्थेने २०१४ मध्ये काढलेला ब्लू-रे संच लावून चित्रपट सलग पाहिला, तर दोन गोष्टी एकदमच मान्य कराव्या लागतात. तो अतिशय कसबाने आणि विचारपूर्वक बांधलेला आहे, आणि त्याच्यावरचा सर्वांत गंभीर आरोप, चित्रीकरणासाठी प्राणी खरोखर मारल्याचा, शब्दशः खरा आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, हे तपासण्याची सोय या संचातच आहे, म्हणून त्याचे हे परीक्षण. कथेचा शेवटही पुढे उघड केलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कथा थोडक्यात अशी. चार तरुण अमेरिकी माहितीपटकार अॅमेझॉनच्या जंगलात नरभक्षक टोळ्यांचे चित्रण करायला जातात आणि परतत नाहीत. न्यूयॉर्कचे मानववंशशास्त्रज्ञ प्रा. हॅरॉल्ड मन्रो त्यांच्या शोधात निघतात. माणसे सापडत नाहीत, रिळांचे डबे तेवढे हाती लागतात. पूर्वार्ध या शोधाचा आहे आणि उत्तरार्धात ती रिळे न्यूयॉर्कमध्ये पडद्यावर पाहिली जातात. ‘सापडलेल्या चित्रणा’चा हा घाट १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने घरोघरी पोहोचवला आणि आज तो गुळगुळीत झाला आहे. मात्र नंतरच्या बहुतेक अनुकरणांत आपण थेट चित्रणच पाहतो. देओदातोंच्या चित्रपटात ते चित्रण पाहणारी माणसेही आपल्याला दिसत राहतात. एक रीळ संपते, दिवे लागतात, हे प्रसारित करायचे की नाही यावर दूरचित्रवाणी वाहिनीचे अधिकारी आणि मन्रो यांच्यात वाद होतो, आणि पुन्हा अंधार होतो. दर खेपेला प्रेक्षकाला हिशेब द्यावा लागतो, कारण पुढचे रीळ पाहण्याची उत्सुकता त्या अधिकाऱ्यांइतकीच त्यालाही असते.

हा परिणाम साधण्यासाठी तंत्राची बारीक आखणी केलेली आहे. मन्रो यांचा प्रवास ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, स्थिर चौकटींत आणि मोकळ्या रंगांत चित्रित केला आहे. रिळांचा भाग १६ मिलिमीटरवर, हातातल्या कॅमेऱ्याने, मुद्दाम पाडलेल्या ओरखड्यांसह येतो. मध्येच आवाज नाहीसा होतो, चौकट भलतीकडे वळते, कोणाचे तरी डोके आड येते. देओदातो तरुणपणी इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेल्लिनी यांचे साहाय्यक होते, आणि खऱ्या जागी, मिळेल त्या प्रकाशात, अनोळखी चेहरे घेऊन काम करण्याचा नववास्तववादी वसा त्यांनी कोलंबियातल्या लेतिसियाजवळच्या जंगलात नेला. तो वसा अशा कामाला लावलेला पाहून रोस्सेल्लिनींना काय वाटले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. चित्रपटाची ठिणगी मात्र जंगलातली नव्हती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘रेड ब्रिगेड्स’ या इटलीतील डाव्या अतिरेकी गटाच्या हिंसाचाराच्या बातम्या इटालियन दूरचित्रवाणी ज्या चवीने दाखवत होती, त्याविषयीच्या संतापातून ही कल्पना सुचल्याचे देओदातोंनी वेळोवेळी सांगितले आहे.

उत्तरार्धातला एकच प्रसंग निवडायचा झाला, तर मी नदीकाठच्या मुलीचा निवडेन. उभ्या खांबावर आरपार रोवलेले एका आदिवासी मुलीचे प्रेत चमूला दिसते. चमूचा म्होरक्या अॅलन येट्स त्याकडे पाहतो आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरते. मोठे घबाड हाती लागल्याचे ते हसू आहे. चित्रण सुरू आहे, अशी सूचना त्याला कॅमेऱ्यामागून मिळते. त्यासरशी चेहरा पडतो, स्वर उतरतो आणि तो हळहळीचे, सुसंस्कृत माणसाला शोभेल असे निवेदन करू लागतो. या मुलीवर त्याच चमूने बलात्कार केल्याचे आपण आधी पाहिलेले असते. तिला खांबावर कोणी चढवले, हे चित्रपट स्पष्ट करत नाही. आपत्तीच्या ठिकाणी उभ्या असलेल्या बातमीदाराच्या चेहऱ्यावर ‘तयार’ होणारी करुणा कशी असते, हे इतक्या थोड्या वेळात आणि इतक्या निर्दयपणे दाखवणारा दुसरा प्रसंग भयपटांत मला तरी आठवत नाही. अॅलनची भूमिका करणाऱ्या कार्ल गॅब्रिएल यॉर्क या नवख्या नटाच्या अभिनयाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. या एका बदलासाठी तरी लिहायला हवे होते.

प्रेताचे ते दृश्य कसे साधले, याची हकिकत आता सर्वश्रुत आहे. लोखंडी खांबाच्या टोकाला सायकलचे आसन बसवलेले होते, त्यावर ती मुलगी बसली होती, आणि तोंडात हलक्या बाल्सा लाकडाचा टोकदार तुकडा धरून तिने मान वर केली होती. हा बनाव इतका खरा वाटला की नटांना खरोखरच मारले असल्याचा संशय पसरला. नटांनी वर्षभर कुठेही दिसायचे नाही असा करार आधी केलेला असल्यामुळे संशय बळावला आणि देओदातोंनाच त्यांना शोधून जिवंत हजर करावे लागले, असे ते सांगत. हत्येचा आरोप टिकला नाही.

त्याहून विलक्षण उलटापालट चित्रपटाच्या आत आहे. रिळे पाहण्याआधी मन्रो यांना या चमूचा ‘द लास्ट रोड टू हेल’ हा जुना माहितीपट दाखवला जातो. त्यात बंदुकधारी पथके माणसांना गोळ्या घालतात, आणि तो संपल्यावर वाहिनीची अधिकारी सांगते की हे सारे पैसे देऊन घडवून आणलेले नाटक होते. ही दृश्ये प्रत्यक्षात नायजेरिया आणि आग्नेय आशियातील खऱ्या देहदंडांची आहेत. म्हणजे खरे मरण ‘खोटे’ म्हणून दाखवले आहे आणि सायकलच्या आसनावर बसलेले खोटे मरण ‘खरे’ म्हणून. नुसत्या डोळ्याला या दोहोंत फरक करता येत नाही. पडद्यावरच्या पुराव्याविषयी याहून नेमके विधान करणारे चित्रपट थोडे असतील, आणि त्या काळात ते एका नरभक्षकपटात, स्वस्त करमणुकीच्या वेष्टनात येत होते. अर्थात त्या देहदंडांतली माणसे कोणाची तरी होती, त्यांची परवानगी कोणी घेतली नव्हती, आणि देओदातोंच्या चातुर्याची किंमत त्यांनीही मोजली, हे लिहिल्याशिवाय या युक्तीचे कौतुक पुरे होत नाही.

रिझ ऑर्तोलानी यांचे संगीत हा या चित्रपटाचा सर्वांत निर्विवाद भाग. १९६२ च्या ‘मोंदो काने’ या सनसनाटी माहितीपटासाठी ‘मोर’ (More) या गाण्यासारखी गोड चाल बांधणाऱ्याच संगीतकाराला देओदातोंनी बोलावले, ते उगीच नव्हे, त्या परंपरेच्याच घरात शिरून तिच्यावर वार करायचा होता. जंगलावरून सरकणाऱ्या पहिल्या हवाई दृश्यांवर अंगाईसारखी हळुवार चाल येते, आणि पुढे माणसे माणसांना छळत असताना तंतुवाद्यांचा विलाप चालू राहतो. घाबरवण्याचे काम हे संगीत करतच नाही. जे पडद्यावरच्या एकाही पात्राला वाटत नाही, ते दुःख ते प्रेक्षकाच्या वतीने वाहते.

आता प्राण्यांविषयी. चित्रीकरणासाठी सात प्राणी खरोखर मारले गेले. त्यांतले सहा पडद्यावर मरतात. कोआटी नावाचा छोटा सस्तन प्राणी, एक मोठे कासव, एक साप, एक विषारी कोळी, एक डुक्कर आणि एक माकड. माकडाचे दृश्य दोनदा घ्यावे लागले म्हणून माकडे दोन. कासवाचा प्रसंग सर्वांत लांब आणि सर्वांत असह्य आहे. पाण्यातून ओढून काढलेल्या त्या जनावराचे डोके तोडले जाते, कवच फोडले जाते, आणि अवयव हलत असताना चमू खिदळत असतो. त्यात भाग घेतलेला पेरी पिर्कानेन हा नट नंतर रडला. डुकराला गोळी घालायला यॉर्कने नकार दिला, तेव्हा ती दुसऱ्या नटाने घातली. मन्रो यांची भूमिका करणारे रॉबर्ट कर्मन कोआटीला मारताना चित्रीकरणस्थळ सोडून निघून गेले. ‘या चित्रपटात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही’ ही पाटी आपल्याकडे प्रत्येक चित्रपटाआधी इतक्या सवयीने वाचली जाते की तिचा अर्थ काय, हे समजायला असा एखादा चित्रपट पाहावा लागतो.

समर्थकांचे म्हणणे असे की ही क्रूरता चमूचे पाप म्हणून दाखवली आहे, आणि ती खरी असल्यामुळेच माणसांचे खोटे मरण खरे वाटते. यातला दुसरा भाग बरोबर आहे आणि तोच अडचणीचा आहे. प्राण्यांच्या खऱ्या रक्ताच्या तारणावर देओदातोंनी माणसांचे रंगीत रक्त खपवले. ज्या चमूने परिणामासाठी जीव घेतले त्याचा धिक्कार करणारा चित्रपट परिणामासाठीच जीव घेतो, आणि हा विरोधाभास त्याने जाणूनबुजून मांडला आहे असे दाखवणारी एकही खूण मला सापडत नाही. देओदातोंनीही पुढे या हत्यांबद्दल खंत व्यक्त केली.

परंतु ‘क्रूरता काढली तर चित्रपटच उरत नाही’ हा दावा या संचामुळे तपासून पाहता येतो, कारण प्राण्यांच्या हत्या वगळून चित्रपट पाहण्याचा पर्याय त्यात दिलेला आहे. तशा रूपात पाहिल्यावर माझे मत पक्के झाले. काही ठिकाणी सांधे जाणवतात, चमूच्या बेफिकिरीची चढती कमान थोडी उतरते, पण अॅलनचे हसू, खोट्या-खऱ्या देहदंडांची उलटापालट, मधले वाद, ऑर्तोलानींचा विलाप, शेवटी मरणाऱ्या सोबत्यांचेही चित्रण करत राहणारा कॅमेरा, सारे जागेवर राहते. ज्यांच्याशिवाय चित्रपट उभा राहतो ते जीव त्याच्या कलेसाठी गेले, असे म्हणता येत नाही.

याखेरीज दोन ठिकाणी चित्रपट माझ्या लेखी घसरतो. बलात्काराच्या प्रसंगांत देओदातोंच्या कॅमेऱ्याची नजर आणि चमूच्या कॅमेऱ्याची नजर यांत अंतर उरत नाही. रिळांच्या युक्तीआड लपून दिग्दर्शक स्वतःच पाहत राहिला आहे असे वाटते. आणि यानोमामो, शामातारी ही खऱ्या लोकांची नावे बिनदिक्कत वापरली आहेत. हे लोक चित्रीकरणाच्या जागेपासून खूप दूर, व्हेनेझुएला आणि ब्राझील यांच्या सीमाभागात राहतात. आपल्या मृतांच्या अस्थींची राख केळ्यांच्या पेजेत मिसळून पिणे हा त्यांचा शोकविधी आहे. शत्रूचे मांस फाडून खाणारी माणसे हा सिनेमाचा शोध. गोऱ्या माणसांच्या रानटीपणावर बोट ठेवणाऱ्या चित्रपटाने हे करावे, याला निष्काळजीपणापेक्षा कडक शब्द लागेल. ‘खरे नरभक्षक कोण’ असा प्रश्न अखेरीस मन्रो यांच्या तोंडी घातला आहे, तोही अनावश्यक. तो प्रश्न तोवर चित्रांनीच विचारून झालेला असतो.

संच म्हणून ही आवृत्ती उत्तम आहे. मूळ चित्रणातला फिल्मचा दाणा पुसून टाकलेला नाही, त्यामुळे ३५ आणि १६ मिलिमीटरमधला भेद ठळक दिसतो. दूरचित्रवाणीवर किंवा जुन्या चित्रफितीवर पाहिलेल्यांना हा भेद बहुधा कळलाही नसेल. ऑर्तोलानींच्या संगीताची वेगळी सीडी सोबत आहे. देओदातो आणि कर्मन यांचे संयुक्त समालोचन अवश्य ऐकावे, कारण प्राण्यांच्या प्रश्नावर दोघांची भूमिका एक नाही आणि तो ताण आवाजात उतरतो. ब्रिटनच्या परिनिरीक्षण मंडळाने २०११ मध्ये अवघी १५ सेकंदांची, म्हणजे कोआटीच्या हत्येची, कात्री लावून चित्रपट प्रौढांसाठी संमत केला होता. उरलेल्या हत्या झटपट झाल्या म्हणून त्या चालतील, हा त्यामागचा तर्क कायद्याच्या चौकटीत बसतो, मला मात्र पटत नाही. प्रथमच पाहणाऱ्याने हत्या वगळलेला पर्याय निवडावा, आणि ज्यांना लैंगिक हिंसेची दृश्ये सोसत नाहीत त्यांनी कोणत्याही रूपात हा चित्रपट घेऊ नये, कारण ती दृश्ये दोन्ही रूपांत आहेत.