कुंभार्ली घाटात दोन पावसाळे काढलेली बेअरिंगची जोडी

माझ्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकात एसकेएफ कंपनीची ६३०१-२आरएसएच ही बेअरिंगची जोडी बसवून आता दोन पावसाळे आणि सुमारे २१,००० किलोमीटर झाले. चिपळूण ते पाटण अशी ही गाडी आठवड्यातून तीनदा कुंभार्ली घाट चढते-उतरते, आणि जून ते सप्टेंबर तिची चाके क्वचितच कोरडी असतात.

आधीची जोडी एका गॅरेजमध्ये बसवली होती, ती एकाच पावसाळ्यात गेली. चाक काढून आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरवले, तर ठरावीक अंतरावर ती अडकत होती. बेअरिंग फोडून रॉकेलने धुतल्यावर कारण दिसले : ग्रीस चहाच्या रंगाचे झाले होते, आणि रेसवर (गोळ्या ज्या खाचेतून फिरतात तिच्यावर) गोळ्यांच्या अंतराएवढ्या अंतरावर बारीक खड्डे पडले होते. बेअरिंग हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) ठोकताना घाव बाहेरच्या रिंगऐवजी आतल्या रिंगवर बसला, की तो गोळ्यांमार्फत थेट रेसवर जातो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जखमी होते. म्हणून या वेळी मी हब कोमट करून घेतला, बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले आणि फक्त बाहेरच्या रिंगवर टेकेल अशा सॉकेटने ते सरळ आत बसवले. दोन बेअरिंगांमध्ये अंतर राखणारी नळी, म्हणजे स्पेसर, न विसरता घातला, कारण तो नसेल तर एक्सलचा नट आवळताना दोन्ही बेअरिंगे आडवी दाबली जातात.

उत्पादनाविषयी सांगायचे, तर दोन्ही बाजूंचे रबरी सील हेच याचे खरे बळ आहे. पत्र्याचे झाकण असलेले बेअरिंग हाताने अधिक मोकळे फिरते, हे खरे. परंतु कोकणातल्या पावसात त्या झाकणाच्या फटीतून पाणी शिरते. सीलमुळे नवे बेअरिंग थोडे जड फिरते, तो दोष समजून परत करू नये. ऑइल सीलसह (हबच्या तोंडाशी बेअरिंगच्या बाहेर बसणारे वेगळे सील) जोडीचा खर्च पाचशेच्या आत आला. या कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडला असला, तरी बाजारात तिच्या नावाचा नकली मालही फिरतो. त्यामुळे खोके अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि शंका वाटल्यास कंपनीच्या पडताळणीच्या ॲपचा आधार घ्यावा.

देखभाल म्हणून मी दर महिन्याला गाडी मेन स्टँडवर घेतो, पुढचे चाक अधांतरी करतो आणि टायर वर-खाली धरून आडवा हलवून पाहतो. खुळखुळ जाणवली, तर सोबत्याला फोर्क घट्ट धरायला सांगतो. फोर्क स्थिर असूनही चाक हलले, तर खोट बेअरिंगची, आणि फोर्कसकट हलले, तर हँडलच्या कोनसेटची, म्हणजे हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगची. नंतर चाक फिरवून फोर्कच्या खालच्या टोकाला तळहात लावतो, कारण कानाला न ऐकू येणारी खरखर हाताला आधी कळते. धुलाई केंद्रात मात्र प्रेशरचा फवारा हबवर मारू देत नाही. सील पावसासाठी पुरते, त्या झोतासाठी नाही.

गेल्या रविवारी एक्सल काढून पाहिले, तेव्हा डावे बेअरिंग लोण्यासारखे फिरले. उजव्या बाजूच्या ऑइल सीलची कड मात्र झिजलेली होती, तेवढे एक सील मी बदलले.