तीनपैकी दोन की आधी दहा?

फोंड्यात आम्ही मित्रमंडळी ‘स्ट्रीट फायटर’ या दोघांत खेळायच्या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या लढती लावतो, तेव्हा दर वेळी एक प्रश्न उभा राहतो: तीन डावांपैकी दोन जिंकणारा विजयी ठरवावा, की आधी दहा डाव जिंकेल तो?

स्पर्धेसाठी पहिल्या पद्धतीला पर्याय नाही. दोन पराभवांनंतर बाद होण्याच्या रचनेत १६ खेळाडूंच्या ३० किंवा ३१ लढती होतात आणि प्रत्येक लढत दोन-तीन डावांत संपली तरच त्या एका दिवसात आटोपतात. ‘इव्हो’सारख्या जागतिक स्पर्धेतही सुरुवातीच्या फेऱ्या अशाच खेळवल्या जातात. मात्र एखादी फसवी चाल घेऊन आलेला खेळाडू, तिच्यावर उतारा सापडण्याआधीच, सामना खिशात घालून जातो.

दहा विजयांच्या लढतीत, जी १९ डावांपर्यंत लांबू शकते, असे निसटता येत नाही. माझा प्रतिस्पर्धी खाली पडला की उठता उठता उलट वार करायचा. पहिले चार डाव मी त्यावरच हरलो, पाचव्यापासून नुसता बचाव धरून थांबू लागलो, वार हुकला की फटकावू लागलो, आणि मग स्टिकवरचा त्याचा हात बिचकू लागला. एकमेकांना असे वाचणे हेच, माझ्या मते, या खेळाचे मर्म आहे आणि त्याला तीन डाव पुरत नाहीत. म्हणून पावसाळ्यातल्या निवांत रविवारी मी दहाचीच लढत मागतो. म्हापसा-मडगावहून आलेल्या मुलांना शेवटची बस गाठायची असते, तेव्हा तीनपैकी दोन.