पलंगाशेजारी टेबलाऐवजी घडवंची

सांगलीत टिंबर एरियाच्या बाजूला जुन्या वाड्यांतून निघालेल्या लाकडी सामानाचे एक दुकान आहे. दर्शनी भागात तुळया आणि दारांच्या चौकटी रचलेल्या असतात. आतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र दुकानदाराने पलंगाशेजारी ठेवता येतील अशा वस्तू वेगळ्या मांडल्या आहेत. तयार फर्निचरच्या दुकानातला दोन खणांचा खोका आम्हाला नको होता, आणि त्यामागे हौसेपेक्षा व्यवहार अधिक होता. आमचे घर गावभागात, तळमजल्यावर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५७ फूटही ओलांडले, आणि २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. लाकडाचा भुगा रेझिनमध्ये दाबून तयार केलेल्या पार्टिकल बोर्डात पाणी शिरले की तो फुगतो, वाळल्यावरही मूळ आकारात येत नाही आणि त्यातले स्क्रू धरत नाहीत. त्यामुळे पाणी सोसणारी किंवा एका माणसाला उचलून माडीवर नेता येईल अशी वस्तू शोधणे भाग होते.

या दुकानातील सर्वांत चांगली वस्तू म्हणजे घडवंची. हंडे-कळश्या ठेवण्यासाठी घडवलेली ही चौपायी ओल्या जागेत उभी राहण्यासाठीच बनलेली असते. चांगली घडवंची सागवानी असते आणि सागाच्या अंगच्या तेलामुळे तिला पाण्याचे व वाळवीचे भय कमी असते. आम्ही घेतलेली घडवंची सुमारे दोन फूट उंच आहे. आमच्या पलंगाची गादी जमिनीपासून बावीस इंचांवर येते, त्यामुळे झोपल्या जागेवरून हात सरळ तिच्यावर पडतो. पलंगाशेजारी काय ठेवावे हे ठरवताना लोक रंग आणि नक्षी पाहतात, पण खरी कसोटी ही उंचीचीच आहे: वरचा पृष्ठभाग गादीच्या बरोबरीने किंवा दोन-तीन इंच इकडेतिकडे असावा, नाहीतर रात्री चष्मा चाचपताना तांब्या कलंडणार. घडवंचीची अडचण एवढीच, की तिच्या वरच्या पट्ट्यांमध्ये फटी असतात आणि गोळ्यांची पाकिटे त्यांतून खाली घसरतात. दुकानदाराने त्यावर कडाप्प्याचा तुकडा बसवून देण्याची तयारी दाखवली. आम्ही ती नाकारली, कारण दगडाच्या वजनाने उचलण्याची सोय संपली असती. त्याऐवजी घरातली पितळी परात वर ठेवली. ती बरोबर बसते, आणि तांब्याखाली सांडलेले पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. खालच्या कप्प्यात पुस्तके, पांघरूण आणि सासऱ्यांची औषधांची डबी राहते.

दुकानातली शोभेची वस्तू म्हणजे शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर जुन्या तुळईची फळी टाकून केलेले टेबल. फोटोत ते फार देखणे दिसते आणि गिऱ्हाईक आधी त्याकडेच वळते. परंतु त्याची उंची तीस इंचांच्या आसपास आहे, म्हणजे पलंगावर आडव्या माणसाला ते खांद्याच्या वर येते. शिवाय खालचे पायटे काढलेले नसल्याने अंधारात उठणाऱ्याचा पाय त्यात अडकण्याची भीती आहे. ते बैठकीच्या खोलीत शोभेल. भिंतीला टेकवून ठेवण्याची लहान शिडी तर वृद्धांच्या खोलीत ठेवूच नये, गुळगुळीत फरशीवर तिचे पाय सरकतात.

लोखंडी पेट्या रंगवून, खाली लाकडी बैठक देऊन ठेवल्या आहेत. त्या स्वस्त आहेत आणि आत भरपूर मावते, पण वर घड्याळ, पाणी, चार्जर ठेवल्यावर झाकण उघडायचे कसे, हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. ज्यांना आत वर्षातून एकदा लागणारे सामान ठेवायचे आहे, त्यांनी जरूर घ्यावी. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांसाठी मात्र चौरंगासारखा पर्याय नाही, आणि येथील चौरंग मजबूत आहेत.

भिंतीत बसवायची फळीही मिळते. पुराचा विचार केला तर ती सर्वांत शहाणपणाची निवड आहे, कारण खाली काहीच उरत नाही आणि केर काढणे सोपे जाते. मात्र भिंत पाहूनच ती घ्यावी. भाजक्या विटांच्या भिंतीत प्लास्टिकचे गट्टू घट्ट बसतात, मातीच्या जुन्या भिंतीत ते हलू लागतात. ज्यांच्या घराला अजून मातीच्या जाड भिंती आणि पलंगाच्या उंचीवर कोनाडा आहे, त्यांनी या दुकानात पैसे घालवूच नयेत.

दुकानदाराचा स्वभाव सरळ आहे. एका फळीवर मी हात ठेवताच तो म्हणाला, "ताई, ती सागवानी नाही, आंब्याची आहे. पॉलिशने फसू नका." असे सांगणारा विक्रेता विरळाच. परंतु त्याच्या कामाची सफाई कमी पडते: आमच्या घडवंचीच्या एका पायातला खिळा अर्धा बाहेर होता, एक पाय किंचित आखूड असल्याने ती डुगडुगत होती, आणि लाखेचे पॉलिश इतके पातळ होते की ओल्या पेल्याखाली लगेच पांढरे वर्तुळ उमटले. पाय त्याने तेथेच रंधा मारून सारखे करून दिले, पॉलिश आम्हाला घरी पुन्हा करावे लागले. घडवंचीला आम्ही अठराशे रुपये दिले. सागवानाच्या मानाने ही किंमत रास्त वाटली. टेम्पोचे भाडे वेगळे पडते आणि ते आधी सांगितले जात नाही, म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वी विचारून घ्यावे. जाताना मोजपट्टी आणि गादीची उंची लिहिलेला कागद सोबत न्यावा, आणि लाकडाच्या बारीक भोकांतून पिवळा भुसा गळत असेल तर ती वस्तू कितीही आवडली तरी तेथेच सोडावी.