१२० जीएसएमची वीड मॅट, १४ महिन्यांनंतर: गवत थांबलं, दोरे थांबेनात

तण उगवू नये म्हणून जमिनीवर अंथरायची काळी विणलेली मॅट, २ मीटर रुंद, ५० मीटरचा रोल. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममध्ये वजन. अंथरून दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा झाला. जमीन काळी, पाणी ठिबकचं. मॅटखाली आंबा, पेरू, लिंबू, डाळिंबाच्या कोवळ्या रांगा आणि कडेला मोगरा, जास्वंद, सोनटक्क्याचे वाफे.

गवतावर काम चोख. गाजरगवत, केना, आघाडा, बियांवरून उगवणारं सगळं बंद. तक्रार दोऱ्यांची आहे.

ही मॅट म्हणजे चपट्या प्लास्टिक फिती आडव्या-उभ्या विणलेलं कापड. कारखान्यातली कड, म्हणजे काठ, पक्का असतो. पण कात्री लागली की त्या कापावरच्या फिती मोकळ्या. दोन महिन्यांत कापलेल्या प्रत्येक कडेला झालर लोंबते. वाऱ्याने ती खोडाला गुंडाळते, खोड जाड होत जातं आणि फीत सालीत रुतते. डाळिंबाच्या बारीक खोडांना हे आधी होतं. ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, जवळ गेला की झालर त्याच्या मुंडीत अडकते आणि हातभर मॅट उसवून येते. वरून उन्हात या सुट्या फितींचा भुगा होऊन मातीत जातो तो वेगळाच.

उपाय एकच: कात्री वापरायचीच नाही. जुनं सोल्डरिंग आयर्न किंवा गॅसवर तापवलेली जुनी सुरी, खाली फळी, आणि हळू ओढायचं. कड वितळून चिकटते. हे उघड्यावर करा, धूर वाईट असतो. आधीच कात्रीने कापली असेल तर कड दोन-तीन बोटं आत दुमडून पिन त्या दुमडीतूनच मारा.

त्याहून शहाणपणाचं म्हणजे कापायची वेळच कमी आणणं. इथे २ मीटरचा रोल घेतला तीच चूक. झाडांच्या रांगेला १ मीटरच्या दोन पट्ट्या घ्या, खोडाच्या दोन्ही बाजूंनी एकेक. पक्के काठ रांगेच्या मधोमध १५ सेंटीमीटर एकमेकांवर चढवायचे. खोडापाशी दोन्ही पट्ट्यांना फक्त अर्धचंद्र कापावा लागतो. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओल धरून बुंध्याची साल कुजते. शेणखत घालायचं तर एक पट्टी उचलली की झालं. अख्ख्या मॅटला भोक पाडून बसवली की खत घालणं ही शिक्षा होते.

लव्हाळ्याबद्दल मत बदलावं लागलं. पहिल्या पावसाळ्यात त्याची टोकं विणीतून वर आली तेव्हा मॅटच्या नावाने बोटं मोडली. प्रत्यक्षात खोट तयारीची होती. गाठी जमिनीत तशाच ठेवून वर मॅट टाकली की टोकदार कोंब विणीत फट शोधतोच. अंथरण्याआधी पाणी देऊन दोनदा उगवू द्या आणि गाठींसकट खणून काढा. हरळी वेगळी चाल खेळते: कडेने मॅटवर धावते आणि पेरापेराला विणीतून मूळ खाली सोडते. तिच्यासाठी कडेला फावड्याने वीतभर खोल चर मारून ठेवा, आणि मॅटवर साचलेली माती-पालापाचोळा महिन्यातून एकदा झाडा. वर माती साचली की तिथेही बी रुजतंच. मुरूम किंवा खडी टाकून मॅट ‘सजवू’ नका, मग झाडताही येत नाही.

फुलांच्या वाफ्यांतून मॅट काढून टाकली. मोगरा, जास्वंदाला चालते, ती एका बुंध्याची झाडं. पण सोनटक्का, कर्दळ, हळद, केळी यांचे नवे कोंब बाजूला फुटतात, मॅटखाली अडकून पांढरे पडतात आणि मॅटचा तंबू करतात. तिथे उसाचं पाचट, चार-पाच इंच जाड, दरवर्षी नव्याने. फक्त वाळवी असेल तर खोडापासून लांब ठेवा.

पिना रोलसोबत मिळाल्या त्या बारीक तारेच्या, ६ इंची. एप्रिलमध्ये काळ्या जमिनीला भेगा पडल्या तशा सगळ्या वर. ६ मिमी सळईच्या यू पिना वाकवून घ्या, प्रत्येक पाय २० सेंटीमीटर, मधली पाठ ५. किलोला दहा बसतात. दर मीटरला एक, किंचित तिरकी.

आता वजन. विक्रेत्याने १२० जीएसएम सांगितलं होतं. ते चौरस मीटरचं वजनच असल्यामुळे शंका आली तर स्वयंपाकघरातला काटा पुरतो. ५० बाय ५० सेंटीमीटरचा तुकडा ३० ग्रॅम भरायला हवा. भरला २३, म्हणजे ९२ जीएसएम. कळवल्यावर उत्तर आलं, ‘थोडा फरक चालतो.’ हा फरक २३ टक्क्यांचा आहे. दुधात एवढं पाणी घातलं तर गवळी बदलतो आपण. रोल कापल्यावर परत घेत नाहीत, तेव्हा मोजायचं ते दुकानातच: २ बाय ५० मीटरचा १२० जीएसएमचा रोल १२ किलो भरला पाहिजे, मधल्या पुठ्ठ्याच्या नळीचं वजन सोडून.